बायको ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आली. २०२४ चा टॅक्स जॉइंट भरता येईल का? तिचा भारतातला पगार दाखवायचा का?

टँपाकर | २ मार्च २०२५

नमस्कार मंडळी. मी फ्लोरिडात टँपाला असतो, २०१९ पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सांगलीला लग्न झालं. एच-४ च्या, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाच्या, स्टॅम्पिंगची तारीख मिळेपर्यंत पावसाळा संपला आणि बायको १२ ऑक्टोबरला, बरोबर दसऱ्याला इथे उतरली. पुण्यात ती एका सहकारी बँकेत अधिकारी होती. सप्टेंबरअखेर राजीनामा देऊन आली.

आजवर मी सिंगल, म्हणजे अविवाहित म्हणून, भरायचो. डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) टाकला की पंधरा मिनिटांत काम संपायचं. यंदा पहिल्याच पानावर अडकलोय. माझा पगार १,१८,००० डॉलर. सॉफ्टवेअरमध्ये 'मॅरीड फायलिंग सेपरेटली' निवडलं तर टॅक्स साधारण १७,८५० दाखवतो, 'जॉइंटली' निवडलं की १०,२०० वर येतो. साडेसात हजार डॉलर म्हणजे आमच्यासाठी मोठी रक्कम आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन या वर्षी करायचं आहे.

ऑफिसातला एकजण म्हणतो, तिला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, तू सिंगलच भर. दुसरा म्हणतो, जॉइंट भर, पण तिच्या भारतातल्या पगाराचा विषय काढू नकोस, कुणाला कळणार आहे? मला दोन्ही पटत नाही. पुढे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहायचं आहे, कागदात खोट नको.

तिचा तपशील असा. जानेवारी ते सप्टेंबर महिना ६२,००० रुपये पगार, म्हणजे ५,५८,०००. दोन मुदत ठेवी, पीपीएफ आणि २०२१ पासूनच्या एसआयपी. पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे. मे महिन्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी ती सांगलीला जाणार आहे, त्यामुळे पासपोर्ट पोस्टाने कुठे पाठवायची माझी तयारी नाही.

जॉइंट भरता येतं का, आणि आलं तर तिचं काय काय दाखवायचं?

---

शिकागोचा_भाऊ | २ मार्च

सिंगल अजिबात नको. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित होतात, म्हणजे अख्ख्या वर्षासाठी विवाहित. बायको तेव्हा सांगलीत असती तरी हाच नियम. माझ्या चुलतभावाने दोन वर्षं सिंगल भरला होता, नंतर १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून दोन्ही वर्षं दुरुस्त करत बसला. जॉइंट नक्की भरता येतं. बारकावे इथल्या जाणकारांनी सांगावेत.

---

कृष्णाकाठची | ३ मार्च

टँपाकर, जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या बायकोच्या जागी मी २०१८ साली होते.

मी वाईची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एच-४ वर नॉर्थ कॅरोलिनाला आले. एप्रिलमध्ये, म्हणजे येण्याच्या चार महिने आधी, वडिलांनी माझ्या नावे केलेला वाईचा प्लॉट १८ लाखांना विकला होता. लग्नाचं देणं त्यातूनच फिटलं. पुढच्या मार्चमध्ये नवऱ्याने एका टॅक्स भरणाऱ्याकडून जॉइंट रिटर्न करून आणला. जिथे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. मी तीन ठिकाणी सह्या केल्या आणि पोळ्या लाटायला गेले. भारतात माझं काय होतं, काय विकलं, हे मला त्या माणसाने विचारलं नाही, नवऱ्यानेही नाही. मी होऊन सांगायला हवं हे मला माहीतच नव्हतं.

दोन वर्षांनी ग्रीन कार्डाचे कागद जमवताना ते रिटर्न मी पहिल्यांदा वाचलं. त्याला एक पानी निवेदन जोडलेलं होतं, खाली माझी सही. त्यात लिहिलं होतं की आम्ही दोघं अख्ख्या २०१८ साठी अमेरिकेचे रहिवासी समजले जाऊ इच्छितो. अख्ख्या वर्षासाठी! म्हणजे मी वाईच्या सबरजिस्ट्रारसमोर अंगठा उमटवत होते तेव्हाही मी अमेरिकेच्या टॅक्समध्ये होते, असं मीच लिहून दिलं होतं.

आणि हिशेब दोन्हीकडे सारखा नसतो. भारतात २००१ ची किंमत धरून महागाईचा निर्देशांक लावला, त्यामुळे नफा कमी निघाला होता. अमेरिका निर्देशांक मानत नाही आणि बक्षीस मिळालेल्या मालमत्तेला देणाऱ्याची मूळ खरेदी किंमत धरते. वडिलांनी १९९६ मध्ये तो प्लॉट ६० हजारांत घेतला होता. म्हणजे जवळजवळ सगळी रक्कम नफाच झाली. भारतात भरलेल्या टॅक्सची वजावट फॉर्म १११६ वर मिळाली, तरी दोन हजारांच्या वर डॉलर आणि त्यावरचं व्याज भरावं लागलं. जॉइंट भरूनही आमची त्या वर्षी एकूण बचतच झाली होती, त्यामुळे पैशाचं दुःख कमी. मला लागलं ते हे की सही माझी होती आणि मजकूर मी वाचलेला नव्हता. तेव्हापासून हा विषय शिकले. गेली चार वर्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या गावच्या लायब्ररीत मोफत टॅक्स भरून देण्याच्या उपक्रमात बसते. नव्याने आलेल्या बायका समोर असल्या की आधी त्यांनाच विचारते.

आता तुमचं. १२ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर म्हणजे ८१ दिवस. रहिवासी ठरायला तीन वर्षांच्या हिशेबाने १८३ दिवस लागतात. म्हणजे तुमची बायको २०२४ साठी अनिवासी आणि तुम्ही रहिवासी. अशा जोडप्याने काहीच निवडलं नाही तर तुम्हाला सेपरेट भरावं लागतं आणि इथे काही मिळकत नसल्याने तिला काही भरावंच लागत नाही. जॉइंट हवं असेल तर अमेरिकेच्या टॅक्स कायद्याच्या कलम ६०१३ च्या 'जी' पोटकलमाखाली तशी निवड करायची. त्यासाठी वेगळा फॉर्म नाही, साध्या कागदावर निवेदन लिहायचं: वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्यातला एक अनिवासी परदेशी होता, दुसरा रहिवासी होता, आणि आम्ही दोघं पूर्ण वर्षासाठी रहिवासी समजले जाण्याची निवड करतो. दोघांची नावं, पत्ता, नंबर, दोघांच्या सह्या. हे पहिल्याच वर्षी जोडायचं, पुढे निवड आपोआप चालू राहते. एकदा मागे घेतली तर याच जोडीदाराबरोबर पुन्हा कधी करता येत नाही.

ही निवड केली की १ जानेवारी २०२४ पासूनची तिची जगभरातली मिळकत रिटर्नमध्ये येते. पगार, ठेवींचं व्याज, विकलेलं काही असेल तर तेही. म्हणून तुमच्या दुसऱ्या मित्राचा सल्ला सोडून द्या. १०४० या मुख्य रिटर्न फॉर्मवर सहीच्या वर लिहिलेलं असतं की हे सगळं खरं आहे, खोटं निघालं तर शिक्षेला पात्र. त्याखाली ती सही करणार आहे. शिवाय जॉइंट रिटर्नच्या पूर्ण रकमेला दोघंही जबाबदार असतात, अर्ध्या-अर्ध्याला नाही.

पण पगाराची धास्ती घेऊ नका. परदेशात कमावलेल्या पगारासाठी फॉर्म २५५५ आहे. सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर असले आणि कामाचं ठिकाण तिकडेच असलं तर तो पगार वगळता येतो. हे १२ महिने कॅलेंडर वर्षाचे असावे लागत नाहीत. ऑक्टोबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ धरा, ती सगळे दिवस भारतातच होती. २०२४ ची मर्यादा १,२६,५०० डॉलर, दिवसांच्या प्रमाणात तिच्या वाट्याला ९८ हजारांच्या वर येते. तिचे ५,५८,००० रुपये वर्षाच्या सरासरी दराने, साधारण ८३.७ ने, ६,७०० डॉलरच्या आसपास होतात. सगळे बाहेर पडतील.

यात एक मेख आहे. वगळलेला पगार टॅक्सच्या बाहेर राहतो, पण उरलेल्या मिळकतीचा दर ठरवताना तो खालच्या पायरीवर उभा असल्यासारखा धरतात. तुमचा करपात्र आकडा ८८,८०० आहे आणि १२ टक्क्यांची पायरी ९४,३०० ला संपते. तिचे ६,७०० खाली ठेवले की तुमचे वरचे थोडे डॉलर २२ टक्क्यांत जातात. मी मांडून पाहिलं, साधारण अडीचशे डॉलर वाढतात. सॉफ्टवेअर हे करतं, पण आकडा बदललेला पाहून चूक झाली असं वाटून घेऊ नका.

ठेवींचं आणि पीपीएफचं व्याज २५५५ मध्ये जात नाही. पीपीएफ भारतात करमुक्त असला तरी इथे नाही. ठेवींवर कापलेल्या टीडीएसची पावती काढून ठेवा, त्यासाठी १११६.

सगळ्यात जपून पाहायची गोष्ट म्हणजे एसआयपी. भारतातले म्युच्युअल फंड इथे 'पीफिक' (परदेशी गुंतवणूक कंपनी) या प्रकारात मोडतात आणि त्यांचे नियम जाचक आहेत. नुसते धरून ठेवले असतील, वर्षभरात एकही युनिट विकलं नसेल आणि वर्षअखेर एकूण किंमत जॉइंट भरणाऱ्यांसाठीच्या ५०,००० डॉलरच्या आत असेल, तर फॉर्म ८६२१ भरावा लागत नाही. २०२४ मध्ये तिने काही विकलं का, हे तिला विचारा. लग्नाचं वर्ष आहे, म्हणून म्हणते.

तुमची स्वतःची खाती विसरू नका. एनआरओ (परदेशस्थ भारतीयाचं भारतातलं खातं) आणि आईबरोबरची जॉइंट खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असतील तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांच्या माहितीचा फॉर्म, भरावा लागतो, तो रिटर्नपासून वेगळा आणि ऑनलाइन. शेड्यूल बीच्या तिसऱ्या भागात परदेशी खात्याचा प्रश्न आहे, तिथे 'हो'.

नंबराचं काम असं. एच-४ वर, कामाचा परवाना नसताना, एसएसएन मिळत नाही. तिला आयटीआयएन, म्हणजे एसएसएन नसलेल्यांचा टॅक्स नंबर, लागेल. त्याचा अर्ज डब्ल्यू-७ भरून रिटर्नच्या वर ठेवायचा, कारणांपैकी 'ई' निवडायचं, आणि सगळं कागदावर छापून ऑस्टिनला पाठवायचं. नंबर हातात नसताना हे रिटर्न ई-फाइल होत नाही, तिच्या नंबराची जागा कोरी सोडायची. पासपोर्ट पाठवायची गरज नाही. आयआरएसने (अमेरिकेच्या टॅक्स खात्याने) मान्यता दिलेले सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट असतात, ते पासपोर्ट समोर पाहून तिथल्या तिथे परत देतात. यादी आयआरएसच्या साइटवर राज्यवार आहे. साध्या नोटरीची प्रत चालत नाही.

नाव मात्र पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा. आमचा पहिला डब्ल्यू-७ परत आला तो याच कारणाने. रिटर्नवर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं.

शेवटचं म्हणजे मनापासूनची विनंती. रविवारी तिला शेजारी बसवा. ती बँकेत अधिकारी होती, ठेवी आणि टीडीएस तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तिची मिळकत तिनेच भरावी, निवेदन तिनेच वाचावं. आणि सहीशेजारी व्यवसायाची चौकट असते, तिथे सॉफ्टवेअर काय छापतं ते पाहा. माझ्या पहिल्या रिटर्नवर न विचारता 'होममेकर' आलं होतं. त्या वर्षी ऑगस्टपर्यंत मी शाळेत शिकवत होते.

---

सॅन_होजेची_पोर | ३ मार्च

ताईंचं उत्तर सेव्ह करून ठेवलं. कॅलिफोर्नियातल्यांसाठी एक भर: आपलं राज्य फॉर्म २५५५ ची सूट मानत नाही. फेडरलला वगळलेला पगार इथल्या रिटर्नमध्ये परत येऊ शकतो, म्हणून राज्याचा हिशेब आधी करून मग ठरवा. टँपाकर, तुमच्याकडे राज्याचा आयकरच नाही, तेवढं सुख आहे.

---

शिकागोचा_भाऊ | ४ मार्च

कागद जमले नाहीत तर १५ एप्रिलची भीती नको. फॉर्म ४८६८ भरला की १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते, पण टॅक्स देणं निघत असेल तर तो एप्रिलमध्येच भरायचा. दुसरा मार्ग म्हणजे आत्ता सेपरेट भरून तीन वर्षांच्या आत दुरुस्तीने जॉइंट करणं. उलटं मात्र होत नाही. एकदा जॉइंट भरलं आणि मुदत टळली की सेपरेटवर येता येत नाही.

---

टँपाकर | १७ मार्च

ताई, तुम्ही विचारायला सांगितलं ते बरं झालं. रविवारी सकाळी चहा घेऊन दोघं बसलो. मी म्हणालो, गेल्या वर्षी फंडातलं काही विकलं होतंस का? ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "जानेवारीत. पाटल्या त्यातूनच केल्या ना." दोन फंडांतली युनिटं, मिळून १ लाख ९० हजार, नफा ३८ हजार. तिने मला सांगितलं नव्हतं, कारण तिच्या आईला लग्नाच्या खर्चाचा बोजा आमच्याकडे येऊ द्यायचा नव्हता. टॅक्सच्या निमित्ताने मला हे वर्षभराने कळलं. त्या पाटल्या ती आत्ताही हातात घालून बसली होती. मी बराच वेळ काही बोललो नाही.

मग कागद. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे एकाही फॉर्म १६ मध्ये तिचा आकडा सरळ सापडेना. जानेवारी ते मार्चच्या पगारपावत्या तिने बँकेतल्या जुन्या मैत्रिणीकडून मागवल्या, एप्रिलपासूनच्या तिच्या मेलमध्ये होत्या. पासबुकवरून महिन्यागणिक व्याज तिने स्वतः मांडलं, ठेवींचं आणि पीपीएफचं मिळून ४६ हजार. वीस मिनिटांत पान तयार. मी तेच काम आठवडाभर टाळत होतो.

फंडांच्या विक्रीचं काय करू? दोन फॉर्म ८६२१ लागतील ना? आणि एवढं सगळं करून जॉइंट परवडतं का?

---

कृष्णाकाठची | १७ मार्च

हो, विकलं म्हणजे ५०,००० ची सूट लागू नाही, प्रत्येक फंडाला एक ८६२१. हा एक भाग स्वतः करू नका. पीफिक नियमित करणाऱ्या माणसाकडून करून घ्या, आणि आधी विचारा की वर्षाला असे किती फॉर्म करता. या फंडांच्या नफ्याला इथे कमी दराचा भांडवली लाभ मिळत नाही, साध्या मिळकतीचा दर लागतो. तरी ३८ हजार म्हणजे साडेचारशे डॉलर, त्यावर शंभरेक डॉलर टॅक्स. व्याजावर सव्वाशेच्या आत. तुमची बचत सात हजारांच्या वरच राहते. जॉइंटच भरा.

उरलेल्या युनिटांना हात लावण्याआधी मात्र विचारा. २०२५ पासून ती दिवसांच्या हिशेबानेही रहिवासी होईल, मग विक्रीचा प्रत्येक निर्णय इथल्या टॅक्समधून जाईल. तिचा पीएफ अजून काढला नसेल तर तोही आधी विचारून काढा. आणि २०२५ च्या एफबारमध्ये तिची खातीही येतील.

पाटल्यांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

टँपाकर | ३० मार्च

काल पाठवलं. एजंटने पासपोर्ट पाहून दहा मिनिटांत परत दिला, दीडशे डॉलर घेतले. ८६२१ चं काम ऑरलँडोच्या एका बाईंनी केलं. निवेदन तिने मोठ्याने वाचलं, दोन ठिकाणी मला अर्थ विचारला, मग सही केली. आडनाव माहेरचंच ठेवलं. व्यवसायाच्या चौकटीत आधी 'होममेकर'च छापून आलं होतं. तिने पान परत छापायला लावलं, 'बँक ऑफिसर' करून.

पोस्टात ट्रॅकिंग घेतलं आहे. नंबर यायला किती दिवस लागतात? आणि तोपर्यंत ऑफिसात डब्ल्यू-४ (पगारातून टॅक्स किती कापायचा ते सांगणारा फॉर्म) बदलू का?

---

कृष्णाकाठची | ३१ मार्च

एरवी सात आठवडे, या मोसमात नऊ ते अकरा. पत्र तिच्या नावाने येईल, पत्रपेटीवर तिचं माहेरचं आडनावही चिकटवून ठेवा. रिटर्न त्यानंतरच पुढे सरकतं, परतावा जुलैच्या आधी धरू नका. डब्ल्यू-४ आजच बदला, त्याला तिचा नंबर लागत नाही.

आणि तिला सांगा, आमच्यासारखीच मोफत टॅक्सची केंद्रं टँपातही असतात, दर हिवाळ्यात माणसं शोधत असतात. एच-४ वर पगाराचं काम चालत नाही, पण हे स्वयंसेवेचं आहे. परीक्षा ऑनलाइन असते. तिला अवघड जाणार नाही.